चाकाच्या आऱ्याचा तुकडा

नवऱ्याला सांगितलं नाही — तो गेला. बहिणीला सांगितलं नाही — ती आहे, शारजात मुलाकडे असते, दर शुक्रवारी फोन करते आणि गुडघ्यांचं गाऱ्हाणं सांगते. मुलांना सांगायचा प्रश्नच नव्हता. नमाजात सांगितलं असेल म्हणाल, तर तिथेही आडूनच — या अल्ला, तुला ठाऊकच आहे — एवढंच. त्याला ठाऊक आहे म्हणून आपण तोंड उघडायचं नाही, ही सोय मी फार वर्षं केली. आता दमले. तुम्ही माझे कोणी लागत नाही, म्हणून तुम्हाला सांगते.

परवा दुबईतल्या अल बर्शाच्या आमच्या फ्लॅटमध्ये नात जमिनीवर पसरून बसली होती. पझल. हल्ली मुलांना सगळं फोनवर लागतं, पण हिला हे तुकडे जुळवायचं वेड आहे. शेवटचा तुकडा राहिला तेव्हा तिने तो माझ्यापुढे धरला. म्हणाली, "दादी, यू डू द लास्ट वन." मायेने म्हणाली हो पोर. माझा हात काही पुढे येईना. गुडघ्याचं निमित्त केलं. ती "ओके" म्हणाली आणि तिनेच लावून टाकला. मी किचनमध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. सुनेने विचारलं, मां, काय झालं? म्हटलं, भांडं विसळतेय.

थांबा, असं मधूनच सुरू केलं तर कळायचं नाही. आधी भाभीचं सांगायला हवं.

खैरुनभाभी म्हणजे माझी थोरली जाऊ. मी लग्न होऊन दुबईत आले ते साठ-सत्तरच्या मधलं कुठलंसं वर्ष. तेव्हा अमिराती हे नावच नव्हतं. देऱ्यात खाडीपासून जवळ आमचं घर होतं — दोन खोल्या, वाळूचं अंगण, झावळ्यांचं स्वयंपाकघर. पाणी गाढवावरून डब्यांतून यायचं. मी रत्नागिरीकडच्या खाडीकाठच्या गावातली, विहिरीच्या पाण्यावर वाढलेली. पहिल्या दिवशी ते मचूळ पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. भाभी हसली. तिने मला मलमलचं फडकं चौघडी करून गाळायला शिकवलं, त्यात चिमूटभर जिरं टाकून उकळायला शिकवलं, शेजारच्या अरब बाईशी बोलायला चार शब्द शिकवले. माझा नवरा युसूफ लाँचवर इंजिन चालवायचा, महिन्यातले थोडेच दिवस घरी. तो नसताना मी भाभीच्या खोलीतच असायची. माझी आई नव्हती तिथे, बहीण नव्हती — भाभी होती. ती होती म्हणून मी त्या वाळवंटात वेडी झाले नाही, हे लक्षात असू द्या. पुढे लागेल.

अंगाने मोठी बाई, आवाजाने त्याहून मोठी. मासेवाल्याशी भांडायची ते भांडण खाडीपलीकडे ऐकू जाईल असं. पण तिला मूल नव्हतं. दोनदा पोट पडलं होतं, आणि मी आल्यावर तिसऱ्यांदा पडलं. त्यानंतर ती काही दिवस बोललीच नाही. मासेवाला दारात येऊन दोन हाका मारून, हबीबी आज भांडण नाही का, असं विचारून निघून जायचा.

माझे थोरले दीर, इस्माईलभाई, एका इंग्रजी कंपनीत स्टोअरकीपर होते. त्यांच्या साहेबाची बदली झाली आणि मॅडमने निघताना घरातलं सटरफटर वाटून टाकलं. भाई एक खोका घेऊन आले. वर चित्र — विलायतेतल्या कुठल्याशा जुन्या औद्योगिक प्रदर्शनाचा फोटो. काचेचं छप्पर असलेला भलामोठा मांडव, आत यंत्रंच यंत्रं, मधोमध घराएवढं लोखंडी चाक, आणि भोवती उंच टोप्यांचे साहेब आणि घेरदार झग्यांच्या मडमा. आत त्याच चित्राचे हजारभर तुकडे. भाई म्हणाले, हे जुळवायचं असतं. मॅडम सांगत होती, त्यांच्या घरी शेवटच्या तुकड्यावरून मारामारी व्हायची. साहेब तर एक तुकडा आधीच खिशात दडवून ठेवायचा, म्हणजे शेवटचा मान त्याचाच.

सगळे हसले. मीही हसले. ती गोष्ट कानावर पडली नसती तर? — पण पडली. आणि भाईंचा त्यात काय दोष?

भाभीने झाकण हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि कितीतरी दिवसांनी बोलली. "हा तर उरूस आहे आपला. नुसता पीर नाही. पिराच्या जागी चाक बसवलंय."

आणि ती उठली.

चहाच्या खोक्याची फळी आणली, चटईवर टाकली, दोन पराती घेतल्या आणि तुकडे निवडायला बसलो — तांदळातले खडे निवडतात तसं. एका परातीत यंत्रं, चाक, लोखंड, काच. दुसऱ्या परातीत माणसं. माणसांची परात तिने माझ्याकडे सरकवली. म्हणाली, "तोंडं तू लाव. कयामतच्या दिवशी मला विचारतील, बनवलंस ना, आता जीव घाल यांच्यात. तुझं काय, तुला तोबा करायला अजून खूप वर्षं आहेत." माणसांची चित्रं बनवणं आमच्यात मना, त्यावरून. म्हणजे गंमतच; पण तिने खरंच एकाही चेहऱ्याला हात लावला नाही. नमाजाची वेळ झाली की फळीवर ओढणी टाकायची, तोंडं झाकायची, आणि मगच मुसल्ला अंथरायची. नमाज झाली की ओढणी काढून, यल्ला, चल, बस गो, असं म्हणून पुन्हा चाकाला भिडायची.

तर अशी वाटणी. यंत्रं तिची, माणसं माझी. हे मी मुद्दाम सांगतेय. कारण मी जो तुकडा उचलला तो माझ्या परातीतला नव्हता. तिच्या परातीतला होता.

का उचलला? खरं सांगायचं तर सुरुवातीला काहीच मनात नव्हतं. शेवटचा मान. बस. भाभीचा हात माझ्यापेक्षा चपळ होता, मी तोंडं लावत रेंगाळायची, तिचं चाक भराभर गोल होत चाललेलं. एका दुपारी ती अंगणात कपडे वाळत घालायला गेली आणि मी तिच्या परातीतून एक तुकडा घेतला — चाकाचा एक आरा आणि कोपऱ्यात काळ्या टोपीची नुसती कड. तोंड नाही. माझ्या परातीतला घेतला असता तर तिने मलाच विचारलं असतं ना, रुकी, तुझा एक कमी कसा? एवढी अक्कल मला तेव्हाही होती. एकोणीस-वीस वर्षांची मी, बाकी कशाची अक्कल नव्हती, पण ही होती.

लपवला कुठे? आमसुलांच्या बरणीत. युसूफ नुकताच रजेवरून आला होता, माझ्या आईने त्याच्याबरोबर बरणीभर आमसुलं पाठवली होती. ती बरणी माझी. घरात तिला दुसरं कोणी हात लावत नसे — भाभी चिंचेवाली होती, कोकमाच्या साराला नाक मुरडायची. तुकडा कागदात गुंडाळून बरणीत वर ठेवला. चार-सहा दिवसांचा तर प्रश्न होता.

आता युसूफने रजेवरून आणखी काय आणलं ते सांगते. निरोप आणला.

सासूने थोरल्या मुलामागे लकडा लावलाच होता — दुसरा निकाह कर. भाई चांगले माणूस. मऊ. आईला नाही म्हणता येत नव्हतं, बायकोला दुखवता येत नव्हतं. शेवटी त्यांनी सांगून टाकलं होतं की खैरुनच्या रजेशिवाय मी करणार नाही. तिने हो म्हटलं तर करीन. म्हणजे सगळं ओझं भाभीच्या डोक्यावर. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. युसूफने मला एकटीला जे सांगितलं ते हे, की सासूने मुलगीही बघून ठेवली आहे. तुझी जैबू.

जैबू, झैनब, माझी धाकटी बहीण. तिचं ज्याच्याशी ठरलं होतं तो कराचीला गेला आणि तिकडेच लग्न करून बसला. त्यानंतर आमच्या दारात कोणी विचारायला आलं नाही. बाबा दम्याने खाटेला लागलेले. मी बोटीत बसले तेव्हा जैबू धक्क्यावर उभी राहून नुसती बघत होती, हातही हलवला नाही तिने. ती इथे येणार? माझ्या शेजारच्या खोलीत? युसूफ म्हणाला, भाभीला यातलं काही माहीत नाही, तू बोलू नकोस. मी बोलले नाही. पण — आता खोटं कशाला बोलू — मला आनंद झाला. भाभीच्या शेजारी बसून मी तोंडं जुळवत होते आणि मनात जैबूसाठी खाट कुठे टाकायची ते ठरवत होते.

तरी तोपर्यंत तो तुकडा म्हणजे खेळच होता. माझ्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका.

मग ती दुपार आली. आम्ही अंगणात मासे साफ करत होतो. भाभी सुरमईचे तुकडे करत होती, माझ्याकडे न बघताच म्हणाली, रुकी, मी एक फाल धरलाय. कोणाला सांगू नकोस. मी विचारलं, कसला फाल, कसला कौल? तर म्हणाली, "ते चित्र पुरं झालं तर मी नाही म्हणणार. हे घर माझ्या नशिबात आहे असं समजणार, आणि मांना साफ कळवणार — नाही. अपुरं राहिलं तर हो."

मी माशांवर पाणी ओतलं. ती हसली. म्हणाली, "पुरं होणारच गं. राहिलंय किती?"

कळलं का तुम्हाला? तिने असा फाल धरला होता जो चुकणारच नव्हता. खोक्यातलं चित्र, खोक्यातलेच तुकडे — ते पुरं होईल नाही तर काय होईल? तिला नाहीच म्हणायचं होतं. फक्त स्वतःच्या तोंडाने म्हणायची हिंमत नव्हती; सासूपुढे, गावापुढे, तीनदा रिकाम्या राहिलेल्या पोटापुढे. अल्लाची मर्जी दिसली म्हणून नाही म्हटलं, असं तिला म्हणता यायला हवं होतं. बिचारीने स्वतःसाठी एक दार उघडं ठेवलं होतं. आणि त्याची कडी माझ्या बरणीत होती.

त्या संध्याकाळी मी बरणी उघडली. तुकडा काढून परातीत टाकायचा, बस, काय मोठंसं काम होतं? पण आमसुलं ओली होती, मिठाचं पाणी सुटलेलं. कागद विरघळला होता. तुकडा फुगून जाडा झाला होता आणि आरा, टोपी, सगळं जांभळं-लाल. मी पदराने पुसला, डाग आणखी पसरला. आता हा परातीत टाकला तर पहिल्या नजरेत कळणार की कुठे होता. घरात आमसुलं दुसऱ्या कोणाची?

फार वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले. डाग पडला म्हणून देता आला नाही, घाबरले, लहान होते. तुम्हाला तरी खरं सांगू दे. डाग हा बहाणा होता. शंभर गोष्टी सांगता आल्या असत्या — मस्करीत ठेवला होता भाभी, माफ कर. तिने पाठीत एक धपाटा घातला असता आणि हसली असती. हसलीच असती; मी तिला ओळखत होते. मी तो दिला नाही कारण मला जैबू हवी होती. उभ्या उभ्या, बरणीचं झाकण हातात धरून, मी हिशोब केला — भाभी की जैबू. आणि झाकण लावलं.

दोन दिवसांनी चित्र भरत आलं. माझी तोंडं सगळी लागली. भाभीचं चाक लागलं — आणि चाकाच्या खालच्या आऱ्यात एक भोक. खालची फळी दिसत होती. फळीवर चहाच्या कंपनीचं काहीतरी छापलेलं होतं, त्यातलं एक अक्षर त्या भोकातून दिसायचं. परात रिकामी. भाभीने परात उलटी केली, खोका उलटा केला, झाकणाच्या कडा चाचपल्या. मग चटई उचलली. मग गाद्या झटकल्या. मग पाण्याच्या मडक्यांमागे बघितलं. तोंडाने बडबड चालू — माझ्याच परातीतला आहे, मीच कुठेतरी पाडला, कपडे घेऊन मीच उठत होते, पदराला लागून गेला असेल. एकदाही तिने माझ्याकडे वळून विचारलं नाही. का विचारील? तोंडं माझी होती, तोंडं सगळी जागेवर होती.

मग ती अंगणात गेली. केरकचरा अंगणातच टाकायचो आम्ही, वाळूत. तिने पिठाची चाळण आणली आणि वाळू चाळायला बसली.

मी काय केलं? मी दुसरी चाळण आणली. तिच्या शेजारी बसले आणि चाळायला लागले.

भर दुपार. झावळीच्या कुंपणाची फुटकी सावली, घाम डोळ्यांत जातोय, वाळू तापलेली. अंगणाच्या एका टोकापासून सुरुवात करून आम्ही दोघी सरकत चाललो होतो. चाळणीत राहायचं ते उचलून बघायचं — शिंपला, खजुराची बी, काडेपेटीचा तुकडा, एकदा तिच्या जुन्या बांगडीची काच. प्रत्येक वेळी तिचा चेहरा वर यायचा. प्रत्येक वेळी मीही वाकून बघायची. आहे का गं? नाही भाभी. हे मी म्हणत होते. माझ्या तोंडाने. तोंड लावायचं काम माझं होतं ना — ते मी पुरेपूर केलं.

सबंध अंगण चाळून झालं. ती उठली, हात झटकले, आत गेली, चाळण धुतली. रात्रीच्या भाकऱ्यांचं पीठ चाळायचं होतं.

त्या रात्री भाई जेवायला बसले. ती वाढत होती, मी दारात. ती म्हणाली, मांना कळवा, माझी रजा आहे. भाईंचा हात ताटात तसाच राहिला. म्हणाले, खैरुन, विचार कर, घाई नाही. ती म्हणाली, विचार खलास. आणि त्यांच्या भातावर आणखी कालवण वाढलं. ते जेवले नाहीत. ती जेवली.

भाईंना विचारून बघायला काय झालं होतं, की अचानक का? त्यांनी विचारलं नाही. पण मी कोणावर बोट ठेवत नाहीये, बोट ठेवायला जागा एकच आहे.

मुलगी कोण ते तिला आठवड्याने कळलं. मी भीतीने अर्धी झाले होते — आता तिला संशय येईल, आता दोन आणि दोन एकत्र करील. ती माझ्या खोलीत आली आणि मला मिठी मारली. म्हणाली, अगं जैबू? मग परकी कुठे? तुलाही बहीण मिळेल. ती माझ्यासाठी खूश झाली, कळतंय ना? माझ्यासाठी. तिच्या खांद्यावर माझं तोंड होतं, अंगाला साबणाचा वास येत होता, आणि मी रडले. तिला वाटलं आनंदाने रडतेय.

तिने स्वतःच ठरवलं की आपण गावी जायचं. दोन खोल्यांत तीन बायका कशा मावणार, सासूला दिसत नाही आता, तिच्याजवळ कोणीतरी हवं. भाईंनी नको नको म्हटलं, पण त्यांच्या नको म्हणण्यात जोर कधी होता? जाण्याआधी तिने पिठाची खळ शिजवली आणि ते चित्र त्या फळीवर चिकटवून टाकलं, भोकासकट. म्हणाली, एवढी मेहनत केलीय, मोडून कशाला टाकायचं? चादरीत गुंडाळून बरोबर घेतलं. बोट बाहेर समुद्रात नांगरायची, लाँचने न्यायचे. मी खाडीवर सोडायला गेले. लाँचमध्ये ती दोन्ही हातांनी फळी छातीशी धरून बसली होती. दुसऱ्या बायका पोरं धरून बसल्या होत्या.

जैबू आली. भाईंना चार मुलं झाली. जैबूला कोणी विचारलं होतं का की तुला दुप्पट वयाचा नवरा चालेल का? मी नव्हतं विचारलं. पण तिचं बरं झालं, संसार चांगला झाला, ती आजही म्हणते, आपा, तू होतीस म्हणून मी इथे आले. तिला वाटतं मी शब्द टाकला. तिच्या मुलांची शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात गॅरेजं आहेत, गावाकडच्या किती पोरांना त्यांनी कामाला लावलंय. सगळं बघितलं तर कोणीही म्हणेल, जे झालं ते बरंच झालं. मीही म्हणून बघितलंय. रोज म्हणून बघितलं. ते खरं असेल. पण ते भाभीच्या तोंडून काढून घेतलेल्या एका नाहीवर उभं आहे, आणि हे त्या चार मुलांना माहीत नाही, त्यांच्या आईला माहीत नाही. मला माहीत आहे.

भाभी गावात राहिली. सासूचं सगळं तिने केलं, शेवटपर्यंत, उचलून न्हाऊ घालण्यापर्यंत. भाई दोन वर्षांनी एकदा जायचे, महिनाभर राहायचे, परत यायचे. पुढे भाई गेले. आम्ही रजेवर जायचो तेव्हा तिला भेटायचो. आवाज तोच होता, पण भांडायला कोणी उरलं नव्हतं, कोंबड्यांवर ओरडायची. सगळे म्हणायचे, खैरुनआपाने काय मन मोठं केलं. मी पण मान हलवायची.

तुकडा मी टाकला नाही. का नाही टाकला, मला सांगता यायचं नाही. खाडीत टाकणं किती सोपं होतं? धुऊन, वाळवून, सुईदोऱ्याच्या डब्यात ठेवला. घरं बदलली — देऱ्यातून अबुधाबी, अबुधाबीहून परत दुबई — डबा बरोबर. आजही आहे, आतल्या कपाटात.

एकदा ठरवलं, सांगायचं. भाभी म्हातारी झाली होती, दम लागायला लागला होता, माझा युसूफ नुकताच गेला होता. मी एकटीच गावी गेले. पर्समध्ये तुकडा. बोटीची जागा केव्हाच विमानाने घेतली होती. विमानात सबंध वेळ मी वाक्य जुळवत होते. भाभी, तो तुकडा मी घेतला होता. एवढंच तर वाक्य. पाच-सहा शब्द.

तिच्या खोलीत भिंतीला ते चित्र टेकवून ठेवलेलं होतं, वर जुनी ओढणी. ती म्हणाली, थांब, तुला दाखवते, आणि ओढणी काढली. तोंडं पार फिकी पडली होती. चाक होतं. आणि चाकातलं भोक नव्हतं. तिने चहाच्या पुड्याचा पुठ्ठा कापून, आकाराला घासून घासून तिथे बसवला होता, कोळशाने त्यावर आऱ्याची रेघ ओढली होती. म्हणाली, कितीतरी वर्षं तसंच होतं गं, मग एकदा म्हटलं, किती दिवस बघायचं त्या भोकाकडे?

माझा हात पर्सवर होता. आता बोल, आता बोल.

तीच बोलली. माझा दुसरा हात हातात घेतला, कुरवाळला. म्हणाली, "रुकी, त्या दुपारी तू माझ्याबरोबर वाळू चाळलीस. एवढ्या उन्हात. सख्खी बहीण असती तरी चाळली नसती. मी विसरले नाही बघ."

मी म्हणाले, "चहा ठेवू का, भाभी?"

तिने ठेवू दिला नाही, स्वतः उठली, चूल पेटवली. आम्ही चहा प्यालो. तिने माझ्या मुलांची चौकशी केली, जैबूच्या मुलांची तर एकेकाचं नाव घेऊन केली. मी निघाले तेव्हा ती आतल्या खोलीत गेली आणि एक बरणी घेऊन आली. तुला आवडतात म्हणून या उन्हाळ्यात घातली, म्हणाली, दुबईत चांगली मिळत नसतील. काळीभोर आमसुलं, वर मीठ, झाकणाला फडकं बांधलेलं. मला आवडतात हे तिने एवढी वर्षं लक्षात ठेवलं होतं, आणि स्वतः ती कोकमाला कधी हात लावत नसे.

त्या पावसाळ्यात ती गेली. मला फोनवर कळलं.

ती बरणी मी दोन्ही हातांनी घेतली होती. घेतली, दुबईला आणली, आणि वर्षभर त्या आमसुलांचं सार आम्ही खाल्लं.